रंगाची आवड

लॅब्रडॉर जातीच्या एका कुत्रीचे वेत पाहायला आम्ही २००६ सालच्या जानेवारीत गेलो होतो. बडोद्याच्या एका जुन्या वस्तीत, बंगल्याच्या मागील पडवीत अंथरलेल्या गोणपाटावर पाच पिल्ले एकमेकांच्या अंगावर निजली होती. तीन काळी, एक फिकट पिवळे आणि एक गडद तपकिरी. माझ्या मुलीने क्षणाचाही विचार न करता तपकिरी पिल्लाकडे बोट केले आणि म्हणाली, "बाबा, हाच घेऊ या." पालकाने हसून सांगितले, की चॉकलेटी रंगाची किंमत इतरांच्या दुप्पट असते. हा रंग पक्का करण्यासाठी आपण दोन पिढ्या खपलो आहोत आणि या पिल्लाचा बाप म्हणजे त्याच्या आईचा सख्खा मामा, हेही त्याने आपण होऊन सांगितले. त्याच्या सांगण्यातला अभिमान तेवढा माझ्या लक्षात राहिला. आम्ही दुप्पट पैसे मोजले, पिल्लू घरी आणले आणि त्याचे नाव बदाम ठेवले.

बदाम साडेनऊ वर्षे जगला. त्यांपैकी बहुतेक वर्षे त्याचे कान दुखत असत. उन्हाळा सरून पावसाळी दमट हवा सुरू झाली, की तो मान तिरपी करून भिंतीच्या कडेला कान घासू लागे. मग पशुवैद्याकडे फेऱ्या, थेंब, कापूस, आणि त्या थेंबांची बाटली दिसताच पलंगाखाली शिरणारा, एरवी कशालाच न भिणारा तो मोठा देह. २०१५ च्या पावसाळ्यात तो गेला. त्याच वेतातला त्याचा काळा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे एका निवृत्त प्राध्यापकांकडे होता. तो २०१९ पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत सकाळी फाटकाशी येऊन शेपटी हलवत असे.

एका वेतातील दोन कुत्र्यांवरून कोणताही सिद्धान्त मांडता येत नाही, याची मला जाणीव आहे. माणसांतही सख्ख्या भावांची आयुष्ये सारखी नसतात. तरीही बदामच्या मृत्यूनंतर जो प्रश्न मनात घर करून बसला तो केवळ शोकातून आलेला नव्हता. आम्ही त्याला निवडले ते त्याच्या रंगासाठी, आणि तो रंग आणण्यासाठी कोणी तरी त्याचे आईबाप निवडले होते. रंग आवडणे यात दोष तो काय? आणि दोष असेलच तर तो नेमका कोठून सुरू होतो? मुलीच्या बोटापासून, माझ्या पाकिटापासून, की त्या पालकाच्या दोन पिढ्यांच्या खटाटोपापासून? पुढील विवेचन म्हणजे या प्रश्नाभोवती मी गेली काही वर्षे घातलेल्या फेऱ्या आहेत.

प्रथम एका शब्दाविषयी. कुत्रा घेऊन रस्त्याने निघालो की वाटेत भेटणारा हमखास विचारतो, "जात कोणती?" माणसाला हा प्रश्न विचारताना आपण आता थोडे तरी अडखळतो. कुत्र्याच्या बाबतीत तो खुशाल, मोठ्याने विचारतो. जातिवंत, अस्सल, खानदानी, गावठी, ही सारी विशेषणे आपल्या भाषेत माणसांवरून जनावरांकडे गेली की जनावरांवरून माणसांकडे आली, हे सांगणे कठीण. पण दोन्हीकडे त्यांचा सूर एकच आहे. 'जातिवंत' म्हणताना आपण त्या प्राण्याच्या गुणांविषयी बोलत आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्या नोंदवहीविषयी बोलत असतो.

लॅब्रडॉरची नोंदवही फार जुनी नाही. नावावरून भ्रम होतो, परंतु या कुत्र्यांचे मूळ लॅब्रडॉरच्या किनाऱ्यावर नसून त्याच्या दक्षिणेच्या न्यूफाउंडलंड बेटावर आहे. तेथील कोळी थंड पाण्यात जाळ्यांतून निसटलेले मासे आणि दोरखंड परत आणण्यासाठी सेंट जॉन्स कुत्रा म्हणून ओळखला जाणारा एक काळा, आखूड केसांचा, पोहण्यात तरबेज प्राणी बाळगीत. त्याच्या छातीवर व पायांवर बहुधा पांढरे ठिपके असत. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या जहाजांतून हे कुत्रे इंग्लंडमध्ये आले. माम्झबरीचे अर्ल आणि बक्लूचे ड्यूक यांसारख्या जमीनदार घराण्यांनी ते शिकारीसाठी हाताळले, वाढवले. काम थोडे बदलले. मासे परत आणणाऱ्याने आता बंदुकीने पाडलेले पक्षी परत आणावयाचे होते, तेही दात न लावता, अलगद, मालकाच्या हातात. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये या जातीला मान्यता दिली. मूळचा सेंट जॉन्स कुत्रा मात्र आपल्या बेटावर हळूहळू विरळ होत गेला आणि १९८० च्या दशकात त्याचे शेवटचे ज्ञात नर मरून तो नामशेष झाला. त्याच्या छातीवरचा तो पांढरा ठिपका अजूनही एखाद्या लॅब्रडॉर पिल्लाच्या छातीवर उमटतो. तो लहान असेल तर आजचे नियम चालवून घेतात, मोठा असेल तर ते पिल्लू प्रदर्शनातून बाद होते. पूर्वजाची खूण वंशजाच्या अंगावर दोष ठरावी, यातला विरोधाभास नियम करणाऱ्यांना जाणवला असेल असे वाटत नाही.

त्या काळी मान्य रंग एकच होता, काळा. पिवळी आणि तपकिरी पिल्ले अधूनमधून जन्मास येत आणि बाजूला काढली जात. पुष्कळदा मारूनही टाकली जात. १८९९ मध्ये मेजर रॅडक्लिफ यांच्या श्वानशाळेत दोन काळ्या आईबापांच्या पोटी बेन ऑफ हाइड नावाचा पिवळा नर जन्मला. तो वाचला, वाढला आणि नोंदला गेलेला पहिला पिवळा लॅब्रडॉर ठरला. आज जगभर ज्या पिवळ्या लॅब्रडॉरची चित्रे दिनदर्शिकांवर झळकतात, त्यांच्या वंशावळी बऱ्याच अंशी त्या एका न मारल्या गेलेल्या पिल्लापर्यंत मागे जातात. रंग तोच. एका पिढीने त्याला कलंक मानले, पुढच्या पिढीने शोभा मानले.

दोन काळ्यांच्या पोटी पिवळे कसे जन्मते, याचे उत्तर आता महाविद्यालयातील आनुवंशिकीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते; लॅब्रडॉर हे त्या पुस्तकांचे आवडते उदाहरण आहे. सोप्या शब्दांत सांगायचे तर येथे दोन जनुकांचा खेळ आहे. एक जनुक दौतीत कोणती शाई भरायची ते ठरवतो, काळी की तपकिरी. दुसरा जनुक ती शाई केसांत उतरू द्यायची की नाही ते ठरवतो. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. शाई काळी होण्यासाठी काळ्याची एक प्रत पुरते. तपकिरी होण्यासाठी दोन्ही प्रती तपकिरी लागतात. दुसऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, की दौतीत काहीही असो, केस पिवळे राहतात. दोन्ही बाबतींत मिश्र असलेल्या दोन काळ्या कुत्र्यांचा संयोग झाला, तर सोळा पिल्लांच्या हिशेबात नऊ काळी, तीन तपकिरी आणि चार पिवळी, असे प्रमाण येते. या चार पिवळ्यांपैकी एक असे असते की त्याची दौत तपकिरी शाईने भरलेली असते. अंगावर ती दिसत नाही, पण नाकावर आणि पापण्यांच्या कडांवर दिसते. कारण तेथील त्वचा या बंदीला जुमानत नाही. केसांनी लपवलेले नाक सांगून टाकते. प्रदर्शनांचे नियम अशा तपकिरी नाकाच्या पिवळ्या कुत्र्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात.

याहून खोल एक थर आहे, आणि तो मला विशेष मोहवतो. लॅब्रडॉर अंगभर एकरंगी दिसतो याचे श्रेय आणखी एका प्रभावी जनुकाकडे जाते. तो प्रथिनांच्या अशा कुळातील आहे की ज्याचे एरवीचे काम रोगजंतूंशी लढण्याचे. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ही ओळख पटवली. हा जनुक अंगावरची सारी नक्षी झाकून टाकतो. त्याच्याखाली अनेक लॅब्रडॉरांत काळ्या-बदामी नक्षीचा जनुक निमूट बसलेला असतो. क्वचित हे झाकण दोन्हीकडून गळून पडते आणि पिल्लाच्या भुवयांच्या जागी दोन बदामी ठिपके उमटतात, जणू मिटलेल्या डोळ्यांवर आणखी दोन उघडे डोळे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या ज्या दोन कुत्र्यांचे वर्णन आहे, त्यांना तेथे शबल आणि चतुरक्ष म्हटले आहे, चार डोळ्यांचे. पारश्यांच्या सगदीद विधीसाठीही परंपरेने चार डोळ्यांचा कुत्रा सांगितलेला आहे, आणि त्याचा अर्थ भुवयांवर ठिपके असलेला असाच लावला जातो. म्हणजे जी नक्षी आपल्या पूर्वजांना परलोकाच्या वाटेवरची राखण करण्यास योग्य वाटली, ती आज इंग्लंड-अमेरिकेतील प्रदर्शनाच्या रिंगणात अपात्र ठरते. पिल्लू तेच, नोंदवही बदलली, एवढेच.

कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकीवर पहिले सविस्तर पुस्तक १९५७ मध्ये क्लॅरन्स कुक लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहिले. त्याचे चरित्र या निबंधाच्या प्रश्नाशी अगदी जवळून भिडते. हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना, १९०९ च्या सुमारास, त्याने उंदरांच्या रंगांचा अभ्यास करता करता भाऊ-बहिणींचा संयोग पिढ्यान्‌पिढ्या घडवून एक पूर्णपणे एकजिनसी वंश तयार केला. त्या वंशाला त्याच्या रंगजनुकांच्या आद्याक्षरांचेच नाव मिळाले, डीबीए: फिका, तपकिरी, अनक्षीदार. प्रयोगशाळेसाठी ही मोठी देणगी होती, कारण जेथे सर्व उंदीर सारखे, तेथे औषधाचा परिणाम नेमका मोजता येतो. पुढे त्याने मेन राज्यात १९२९ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. हाच मनुष्य अमेरिकन युजेनिक्स सोसायटीचा अध्यक्षही होता, आणि मानववंशाचीही निवडक पैदास व्हावी या मताचा पुरस्कर्ता. आयुष्याच्या उत्तरार्धात सिगारेट कंपन्यांनी उभारलेल्या संशोधन समितीचे वैज्ञानिक नेतृत्व त्याने स्वीकारले आणि धूम्रपानाने कर्करोग होतो हे मान्य करण्यास तो तयार झाला नाही. कर्करोग ही आनुवंशिक गोष्ट आहे, या त्याच्या जुन्या विश्वासाशी ते सुसंगतच होते. लिटलला खलपुरुष ठरवणे सोपे आहे. माझा तो हेतू नाही. मला दिसते ते एवढेच, की उंदराचा रंग पक्का करता येतो हे ज्याला कळले, त्याला बाकी सारेही असेच पक्के करता येईल असे वाटू लागले. बडोद्याच्या त्या पालकाच्या स्वरातही मला आता ते ऐकू येते. 'पक्का' हा त्याचाच शब्द होता.

आता कानांकडे येतो. २०१८ मध्ये सिडनी विद्यापीठाचे पॉल मॅकग्रीव्ही आणि लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधील संशोधक यांनी ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींवरून लॅब्रडॉरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेहतीस हजारांहून अधिक कुत्र्यांतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे दोन हजारांच्या आजारांची छाननी त्यांनी केली. कानाचा दाह काळ्यांत १२.८ टक्के, पिवळ्यांत १७ टक्के आणि चॉकलेटी रंगाच्या कुत्र्यांत २३.४ टक्के आढळला. एका प्रकारच्या त्वचादाहाचे प्रमाण काळ्यांत १.१, तर चॉकलेटींत ४ टक्के. आणि आयुष्य? चॉकलेटी नसलेल्या लॅब्रडॉरांचे मध्यक आयुर्मान १२.१ वर्षे, चॉकलेटींचे १०.७. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा टेबलावर बदामचा पट्टा ठेवलेला होता. मी बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत बसलो.

हा अभ्यास काय सांगत नाही, हेही पाहिले पाहिजे. तपकिरी रंगाचा जनुकच कान बिघडवतो असे त्याने सिद्ध केलेले नाही. संशोधकांनी सुचवलेली शक्यता अशी, की विशिष्ट रंगासाठी केलेल्या निवडीचा हा अनपेक्षित परिणाम असावा. तपकिरी पिल्लू हमखास हवे तर आईबाप दोघांनीही तो जनुक दिला पाहिजे. म्हणून जोडीदार तपकिरी किंवा तपकिरीचे वाहक यांतूनच शोधावा लागतो. मुळात जातीची नोंदवही बंद, बाहेरचे रक्त येणार नाही. त्या बंद वाड्यातही आणखी एक खोली बंद करून घेतली जाते. खोली जितकी लहान, तितके नातलग जवळचे, आणि तितकेच नातलगांच्या अंगी लपलेले दुबळे जनुक जोडीने समोर येण्याचा संभव मोठा. पिवळा रंगही दोन प्रतींचाच आहे, मग पिवळ्यांना हा फटका का बसू नये, अशी शंका कोणी घेईल. ती योग्य आहे. तिचे एक संभाव्य उत्तर संख्येत आहे: पिवळे पुष्कळ आहेत, काळ्यांशी त्यांचा मेळ शंभर वर्षे सरमिसळ चालत आला आहे, त्यांची खोली लहान नाही. पण हे अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच ते घ्यावे.

माझ्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे, की येथे रंग निरपराध असू शकतो. ग्रेट डेन किंवा डाल्मेशियन यांसारख्या जातींत पांढरेपणाशी बहिरेपणा शरीरशास्त्रानेच जखडलेला असतो, कारण कानाच्या आतल्या शंखाकृती भागालाही त्याच रंगपेशींची गरज लागते. तेथे रंग स्वतःच किंमत वसूल करतो. चॉकलेटी लॅब्रडॉरच्या बाबतीत मात्र किंमत वसूल होते ती बहुधा रंगापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर. त्यामुळे आपला प्रश्न अधिक अवघड होतो. वाईट वस्तूची आवड बाळगणे चूक, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. निर्दोष वस्तूची निर्दोष आवड एखाद्या जिवाचे वर्ष-दीड वर्ष कसे खाऊन टाकते, हे समजून घ्यायला लागते.

येथे एक चतुर युक्तिवाद आडवा येतो. तो मी स्वतःशी अनेकदा केला आहे, कारण तो केला की अपराधीपणा हलका होतो. बदामवर अन्याय झाला असे म्हणता, तर मग त्याचे काय व्हायला हवे होते? त्या पालकाने रंगाचा हट्ट सोडून कुत्रीला दूरचा, निरोगी जोडीदार दिला असता, तर बदाम अधिक निरोगी झाला नसता. तो झालाच नसता. दुसरीच पिल्ले जन्मली असती. ज्याचे अस्तित्वच त्या निवडीमुळे आहे, त्याला त्या निवडीने हानी पोहोचवली असे कसे म्हणावे? आणि साडेनऊ वर्षांचे ते आयुष्य, कानदुखी धरूनही, नको म्हणावे असे खचितच नव्हते. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट याने १९८४ मध्ये आपल्या ग्रंथात माणसांच्या भावी पिढ्यांविषयी हा पेच मांडला, आणि तेव्हापासून नीतिशास्त्राचे अभ्यासक त्याच्याशी झुंजत आहेत. ज्याची तक्रार असायला हवी त्याच्यापाशी तक्रारीला जागाच नाही, असा तो पेच.

मला या युक्तिवादात एक लबाडी दिसते, आणि ती तर्कातली नसून दिशेतली आहे. तो आपल्याला सारखा बळीकडे पाहायला लावतो: कोणाची हानी झाली ते दाखवा. पण त्या जानेवारीत पडवीत बदाम निवड करीत नव्हता. आम्ही करीत होतो. ज्याने मुदतबाह्य औषध विकले, त्याचे गिऱ्हाईक योगायोगाने बरे झाले तरी विक्रेत्याच्या कृत्याचे स्वरूप बदलत नाही. तसेच, ज्याच्यापाशी फिर्यादी नाही ते प्रत्येक कृत्य निष्पाप असते असेही नाही. पालकाने मला सांगितले होते, बाप हा आईचा मामा आहे. ही माहिती होती. ती ऐकून मी एकही प्रश्न विचारला नाही. बापाचे वय काय, त्याचे कान कसे, आजी-आजोबा किती जगले, हे विचारायला मला जनुकशास्त्र येण्याची गरज नव्हती. लग्न जुळवताना आपल्या घरांतील म्हाताऱ्या बायका एवढे नक्की विचारीत. मी विचारले ते एवढेच, की मोठा झाल्यावर रंग फिका तर पडणार नाही ना.

याउलट शिकारीच्या कामासाठी होणाऱ्या निवडीकडे पाहा. ती काही सात्त्विक नव्हती. उडता पक्षी गोळीने पाडायचा आणि तो उचलून आणण्यासाठी एक मृदू तोंड पिढ्यान्‌पिढ्या घडवायचे, यात करुणा शोधणे व्यर्थ आहे. पण कामाला एक न्याय होता. ज्याचा श्वास पुरत नाही, ज्याला कान दुखत असल्याने शीळ ऐकू येत नाही, जो थंड पाण्यात उतरायला कचरतो, तो कामात उघडा पडे. काम त्या प्राण्याला संपूर्ण तपासून पाही. त्याचे नाक, त्याचे सांधे, त्याचा स्वभाव. १९९३ च्या मार्चमधील स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' नावाच्या लॅब्रडॉरने दडवलेली स्फोटके हुडकून काढली, तेव्हा परीक्षा त्याच्या नाकाची झाली. रंगाची निवड त्या प्राण्याची कसलीच परीक्षा घेत नाही. ती केसांच्या टोकाशी थांबते. आणि ज्या प्राण्याच्या अंगावर तो रंग असतो, त्याला त्याचे सुखदुःख नाही; कुत्र्याच्या डोळ्यांत रंग जाणणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तिनाऐवजी, आणि तपकिरीतला जो तांबूस उबदारपणा माझ्या मुलीला मोहवून गेला, तो बदामने स्वतःच्या पंजावर कधी पाहिलाच नसणार. तो रंग सर्वस्वी आमच्यासाठी होता.

नावांचीही एक गंमत आहे. या तपकिरी रंगाला इंग्रजीत पूर्वी यकृताचा रंग म्हणत. अजूनही ब्रिटिश नियमांत ते नाव चॉकलेटच्या जोडीला टिकून आहे. यकृताच्या रंगाचे पिल्लू दुप्पट किमतीला कोणी घेतले असते का, कोण जाणे. आता त्यापुढची पायरी आली आहे. तपकिरीत रंग फिका करणारा आणखी एक जनुक जोडीने आला, की राखी झाक येते. तिला रुपेरी म्हणतात. लिटलच्या उंदरांतही फिका आणि तपकिरी यांची हीच जोडी होती. जनुक वेगळा, पण परिणाम त्याच धर्तीचा. पिवळ्याच्या फिक्या छटेला शॅम्पेनचे नाव मिळाले आहे. या फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस तुटून त्वचा उघडी पडते. अमेरिकेतील लॅब्रडॉर क्लब या रुपेरी कुत्र्यांना आपले मानायला तयार नाही. ती वायमरानर जातीशी झालेल्या संकराची संतती आहे, असा संशय अनेकांना आहे, आणि विकणारे तो फेटाळतात. वाद पेटलेला आहे तो कुळावरून. कातडीच्या आजाराचा उल्लेख दोन्ही पक्ष करतात, पण पुष्कळदा साक्षीदार म्हणून, मुद्दा म्हणून नव्हे. शंभर वर्षांपूर्वी पिवळ्या पिल्लांना बाजूला काढणारे आणि आज रुपेरी पिल्लांना नाकारणारे यांचा सूर मला फारसा वेगळा वाटत नाही. आणि रुपेरीला चौपट भाव लावणाऱ्यांचाही नाही. तिघेही पिल्लाच्या पाठीकडेच पाहत आहेत.

मग आवडच सोडून द्यावी काय? काही मित्रांनी मला तसे सुचवले: गल्लीतला गावठी कुत्रा आण, प्रश्न संपला. त्यांच्या सल्ल्यात तथ्य आहे. मोकळ्या संयोगातून आलेला तो प्राणी नोंदवहीच्या आजारांपासून पुष्कळसा मुक्त असतो. परंतु सौंदर्याची ओढ ही काही उपटून टाकण्याची गोष्ट नाही. आणि गल्लीतल्या पिल्लांतही आपण गोजिरवाणे तेच आधी उचलतो, हे मी पाहिले आहे. माझ्या मुलीच्या त्या वेळच्या आनंदाला मी आजही चूक म्हणू शकत नाही. ती अकरा वर्षांची होती, आणि तपकिरी पिल्लू खरोखरच सुंदर होते. तिची आवड आणि माझी मागणी यांत मात्र फरक होता. तिने एका जन्मलेल्या जिवावर प्रेम केले. मी दुप्पट किंमत मोजून पुढच्या वेतासाठी निरोप धाडला, की असेच आणखी हवे आहेत, कसे आणता ते तुम्ही पाहा. त्या निरोपाचा अर्थ पालकाला बरोबर कळला असणार. तो वाईट माणूस नव्हता. कुत्रीला तो स्वतःच्या हाताने दूधभात घाली आणि ती आजारी पडली की रात्रभर जागत असे.

गेल्या फाल्गुनात त्याचाच फोन आला. नवे वेत आहे, सहा पिल्ले. "सर, दोन चॉकलेटी निघालीत, एक तुमच्यासाठी ठेवू का?" मी त्याला बापाविषयी विचारले. तो बाहेरचा, अहमदाबादेकडचा काळा नर, नात्यातला नाही, असे तो म्हणाला. मामाच्या वेळी पुढे बरीच पिल्ले कानांनी आणि कातडीने गेली, त्यामुळे ते बंद केले, हेही त्याने थोडे थांबून सांगितले. मी आजी-आजोबांची वये विचारली. ती त्याने वहीत पाहून सांगितली, आणि म्हणाला, की एवढे आजवर कोणी विचारले नव्हते. लोक फोटो मागवतात आणि रंग पाहून बयाणा देतात. काळी चार अजून कोणी सांगितलेली नाहीत.

मुलगी आता परगावी असते. मी आणि पत्नी दोघेच पाहायला गेलो. पडवी तीच होती, गोणपाटाच्या जागी जुनी सतरंजी आली होती. पिल्ले नुकतीच डोळे उघडून आईच्या पोटाशी धडपडत होती. काळ्यांपैकी कोणते घ्यायचे ते पाहू, असे घरून ठरवून निघालो होतो. मी खाली वाकलो, आणि हात पुढे केला तो आधी तपकिरी पिल्लाकडेच गेला.